गिरजाने मोडलेली एक विडी

ताई,

गोष्टीचा शेवट जागेवर आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण तुम्ही असता तर बाकीचं काही ऐकण्याआधी तेच विचारलं असतं. प्रस्तावना तुम्हाला सहन व्हायची नाही. माझ्या प्रत्येक लेखाचा पहिला परिच्छेद तुम्ही पेन्सिलीने खोडायच्या आणि म्हणायच्या, "हा घसा खाकरण्याचा भाग झाला. आता बोल."

तर बोलतो.

परवा तुमच्या गल्लीच्या टोकाच्या विहारात पुण्यानुमोदनाला सगळे जमलो होतो. बुद्धमूर्तीच्या शेजारी तुमचा फोटो, त्याला पांढऱ्या शेवंतीचा हार. फोटो बघून लोक म्हणत होते, किती प्रसन्न आलाय. तो कुठला फोटो आहे, हे तिथे फक्त मला आणि तुमच्या मुलीला, प्रज्ञाताईंना ठाऊक होतं. 'लेखक परिचया'साठी तुम्ही तो बिबवेवाडीतल्या स्टुडिओत मुद्दाम काढून घेतला होता. तुमची 'छाट' ही कथा ज्या पुस्तकात येणार होती आणि आली नाही, त्या पुस्तकासाठी. छायाचित्रकाराला तुम्ही म्हणाला होता, "जरा लेखिकेसारखी दिसेन असं बघा. रेशनकार्डासारखी नको."

रेशनकार्डासारखा नाही आला, ताई. चांगला आलाय. परवा पहिल्यांदा तो कुठेतरी लागला.

आपली ओळख फोनवर झाली. मी नारायण पेठेतल्या एका छोट्या प्रकाशनाकडे मुद्रितशोधक म्हणून नवा लागलो होतो. राहायला धायरीला, एका खोलीत चौघे. करमाळ्याकडच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झालेला, घरात पहिलाच. पुण्यात आल्यापासून मी फार जपून बोलायचो. 'आहे'च्या जागी 'हाय' तोंडातून निसटू नये म्हणून आधी मनात वाक्य जुळवायचो, मग उच्चारायचो. एका छोट्या अंकासाठी आलेल्या तुमच्या कथेची मुद्रितं माझ्या टेबलावर आली आणि एका शब्दाची शंका विचारायला मी फोन केला.

"नमस्कार. आपल्या कथेच्या संदर्भात एक शंका उपस्थित झाली आहे."

मग तुम्ही म्हणालात, "बाळ, तू आकाशवाणीवरून बोलतोयस का?"

मी घाबरून म्हणालो, "न्हाई, प्रेसमधनं बोलतोय."

"हां. आता कसा माणूस बोलल्यासारखा वाटलास. विचार."

त्या दिवसापासून मी तुमच्याशी मनात वाक्य न जुळवता बोलत आलो. या शहरात तसं बोलायला मला मिळालेली पहिली जागा तुम्ही होता. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही 'घसा खाकरू नकोस' म्हणाला असता.

शंका होती ती 'छाट' या शब्दाचीच. तुम्ही समजावून सांगितलं. विड्या वळणाऱ्या बाया कारखान्याकडून पानं-तंबाखू घेतात, घरी विड्या वळतात आणि त्या घेऊन कारखान्यात जातात. तिथला तपासनीस त्यातल्या मूठमूठ विड्या 'वाईट' म्हणून बाजूला काढतो. ती छाट. तिची मजुरी नाही. पण ती छाट बाईला परतही मिळत नाही. ती तपासनिसाच्या पायाशी असलेल्या टोपलीत जाते, आणि टोपलीतून पुन्हा बाजारात.

"म्हणजे वाईट विडी विकली जाते?" मी विचारलं.

"विडी वाईट नसतेच मुळी," तुम्ही म्हणालात. "वाईट असते तर त्याने टोपली कशाला ठेवली असती? केराचा डबा ठेवला असता."

ज्यांनी तुमची कथा वाचलेली नाही, त्यांच्यासाठी ती थोडक्यात लिहितो. चुकलं तर खोडा. गिरजा नावाची बाई दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. सुरुवातीलाच तिची लहान मुलगी खेळता खेळता एक विडी मोडते आणि गिरजा तिच्या पाठीत धपाटा घालते. वळताना बिघडली तर विडी उसवायची, तंबाखू परत सुपात घ्यायची, पान ओलं करून पुन्हा वळायचं; पण मोडायची नाही. त्या घरांमधला तो नियमच. भाकरी पायाखाली येऊ देत नाहीत, तसा. मग गिरजा कारखान्यात जाते. रांगेत तिच्या मागे शांता असते. तपासनीस नेहमीसारखी मूठभर छाट काढून टोपलीत टाकतो. गिरजा म्हणते, "नापास हाईत तर मला परत द्या." तो म्हणतो, "परत द्यायची पद्धत नाही." गिरजा खाली वाकते, टोपलीतली एक विडी उचलते, त्याच्यासमोर मोडते आणि दोन्ही तुकडे टोपलीत परत टाकते. मग पदर झटकून शांताला पुढे यायला जागा करून देते.

संपली कथा.

पहिल्या वाचनात मी पुढचं पान शोधलं होतं. मला वाटलं, मुद्रितातलं एक पान गहाळ आहे. तसं मी फोनवर विचारलंही. तुम्ही इतक्या हसलात, इतक्या हसलात, की प्रज्ञाताईंनी आतून येऊन काय झालं म्हणून विचारलेलं मला फोनमधून ऐकू आलं.

"पुढे काय होतं, ताई? दुसऱ्या दिवशी?"

"मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर अहवाल लिहिला असता."

आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात.

मग ते संपादक आले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता. कॉलेजांना लागणाऱ्या निवडक कथांच्या पुस्तकाचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्यांना 'छाट' हवी होती. तुमचा पत्ता त्यांना मीच दिला. ते तुमच्या घरी आले तेव्हा मीही होतो. तुम्ही चहाचे ठेवणीतले कप काढले होते. फोटोचं पाकीट टीपॉयवर त्यांना दिसेल असं ठेवलं होतं. आयुष्यभर तुमच्या कथा छोट्या अंकांमधून आल्या, ज्यांचा पुढचा अंक निघेल की नाही याची त्या अंकांनाच खात्री नसायची. पुठ्ठ्याच्या बांधणीतलं, वर्गात उघडलं जाणारं पुस्तक तुम्हाला हवं होतं. फार हवं होतं. मी बघत होतो ना.

ते म्हणाले, "ताई, कथा उत्तम आहे. फक्त शेवट जरा छोटा पडतो. मुलांना प्रेरणा मिळायला हवी. एक विडी मोडून काय होतं? तिच्या मागे रांगेतल्या सगळ्या बायका उठतात, टोपली ओततात, अंगणात छाटीची होळी करतात, असं काहीतरी. आठ-दहा ओळींचंच काम आहे."

तुम्ही शांतपणे विचारलं, "मजुरी काय देणार?"

ते गडबडले. "मानधन आहे ना, ताई. ते मी आधीच—"

"माझी नाही हो. त्या बायांची. रांग मोडायची, टोपली ओतायची, होळी करायची, घोषणा द्यायच्या. दिवस जाणार त्यांचा. तुमच्या पुस्तकाला उठाव पाहिजे म्हणून त्यांनी सगळं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटली का, ते विचारायला तुमच्या पुस्तकात पान शिल्लक नाही. तपासनिसाने त्यांच्या विड्या फुकट घेतल्या. आपण त्यांचं बंड फुकट घ्यायचं?"

मी चहा पिता पिता थांबलो. कप ओठांशी तसाच. शोषण कारखान्यात होतं, शेतात होतं, एवढं मला कळत होतं. ते गोष्टीतही होऊ शकतं, चांगल्या हेतूने, प्रेरणेसाठी, हे मी त्या क्षणापर्यंत कुठेही वाचलं नव्हतं. कुठल्याच वर्गात मला ते कोणी शिकवलं नव्हतं. आणि ते तुम्ही म्हणालात कसं, तर भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारावा तसं.

ते संपादक समजूतदारपणे हसले, पुन्हा विचार करा म्हणाले आणि गेले. फोटोचं पाकीट टीपॉयवरच राहिलं. तुम्ही ठेवणीतले कप विसळून पुन्हा कपाटात ठेवले. मला वाटलं, तुम्ही रडाल. तुम्ही म्हणालात, "बिस्किटं फार खाल्ली त्यांनी. शेवट बदलायची भूक मोठी असते."

पण ताई, मी त्यांच्या बाजूने होतो. हे मी तेव्हाही लपवलं नाही. मी तुम्हाला म्हणालो, आमच्या कॉलेजात वाचनालय म्हणजे एक कुलूप होतं. आम्ही वाचलं ते फक्त नेमलेलं पुस्तक. हमालाच्या पोराने आपल्या घराबद्दलची गोष्ट आयुष्यात एकदाच वाचायची असेल, तर ती त्याच पुस्तकात वाचणार. तुमच्या दहा ओळींसाठी त्या पोराने ती कधीच वाचायची नाही का? त्याला एकदा तरी जिंकलेलं बघू दे की.

तुम्ही टीपॉयवरचं फोटोचं पाकीट उचलून कपाटात ठेवलं. मग म्हणालात, "हे तू म्हणतोस ते खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही."

आणि तरीही बदलला नाहीत. तुमचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य याचंच वाटतं. स्वतःच्या बाजूने युक्तिवाद असला की माणसं ठाम राहतात. तुम्ही उत्तर नसतानाही ठाम राहिलात.

पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा तुम्ही मला दारातूनच परत पाठवलं. "जा, कोपऱ्यावरच्या टपरीवरून विड्यांचं एक बंडल आण."

"ताई, तुम्ही?"

"मी ओढत नाही. आमच्या आईने वळलेल्या विड्या लोकांनी ओढल्या आणि खोकली ती. तू आण."

बंडल आणलं. तुम्ही त्यातली एक विडी काढली, नाकाशी नेली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणालात, "ढिली वळलीय. आईने उसवून परत करायला लावली असती." मग ती माझ्या हातात दिली. "मोड."

मी मोडली. कट्टकन. सतरंजीवर तंबाखू सांडली.

"काय वाटलं?"

"काही नाही."

"बरोबर. तुला काहीच नाही वाटलं. आता मला एक दे."

तुम्ही विडी दोन्ही हातांच्या बोटांत धरली. मी वाट बघत होतो. तुमचे अंगठे वर आले, विडीच्या मधोमध टेकले आणि थांबले. मग मला दिसलं, तुमची बोटं दाबत नव्हती. ती विडी वळत होती. तुम्ही मोडायला धरली होती आणि बोटं तिला आणखी घट्ट करत होती, टोक आत दुमडत होती, दोरा जागेवर सरकवत होती. तुम्ही पुन्हा अंगठे टेकवले. पुन्हा तेच.

तुम्ही हसायला लागलात. "बघितलंस? आई गेली, सूप गेलं, मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, पेन्शन घेतली. हाताला अजून कोणी सांगितलेलंच नाही."

मी सतरंजीवर सांडलेली तंबाखू गोळा करायला लागलो.

"आणि तू म्हणतोस, सगळ्या बायांनी टोपली ओतावी."

मग मी ते विचारलं, जे विचारायचं मला पहिल्या दिवसापासून धाडस झालं नव्हतं. "गिरजा म्हणजे तुमची आई का?"

"आईने हात टोपलीपर्यंत नेला होता," तुम्ही म्हणालात. "मी रांगेत तिच्याजवळ उभी होते. परकर-पोलक्यात. हात टोपलीच्या काठापर्यंत गेला आणि तिथून परत आला. तिने पदर नीट केला आणि बाजूला झाली. काठापासून विडीपर्यंतचं तेवढं अंतर मी कथेत तिचा हात धरून नेलं. त्याच्यापुढे न्यायला मला जमलं नाही. आणि खोटं न्यायचं नाही."

ती न मोडलेली विडी तुम्ही बंडलात परत खोचून ठेवली होती.

ताई, पुण्यात आल्यावर मी लायब्ररीत बसून क्रांतीवरची जाडजूड पुस्तकं वाचली, त्यांची टिपणं काढली, त्यातली वाक्यं पाठ केली. पण टोपलीचा काठ आणि त्यातली विडी यांच्यामध्ये किती मोठा प्रदेश असतो, हे मला त्या रविवारी दिसलं. त्यानंतर रस्त्याने जाताना मी लोकांचे हात बघायला लागलो. अजून बघतो.

आता तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट. मागच्या दिवाळीत मी घरी अण्णांना 'छाट' वाचून दाखवली. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजार समितीत हमाल आहेत, अक्षर ओळखीपुरतं. पाठ दुखते म्हणून भिंतीला टेकून बसले होते, तसेच बसले. मी अंक मिटल्यावर म्हणाले, "मग दुसऱ्या दिशी तिला पानं दिली का?"

"कुणाला?"

"त्या बाईला. गिरजाला. वळायला पानं, तंबाखू दिली का न्हाई कारखान्यानं?"

"कथेत तेवढंच आहे, अण्णा."

"मग बाईंना इचारून ये."

पुढे दर फोनला ते विचारायचे. आईची तब्येत, पाऊसपाणी, आणि शेवटी, "बाईंना इचारलं का रं? दिली का पानं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. तुम्ही अहवालाचं वाक्य टाकाल म्हणून तुम्हाला कधी विचारलं नाही. आज वाटतं, सांगायला हवं होतं. करमाळ्याकडचा एक हमाल तुमच्या गिरजाची काळजी करत झोपतो, हे ऐकून तुम्ही काय म्हणाला असता? मला वाटतं, तुम्ही उठून चहा टाकला असता. फार आनंद झाला की तुम्ही पाठ फिरवून चहाच टाकायच्या.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्या संपादकांचा फोन आला. आवाजात खरोखर दुःख होतं. मग म्हणाले, नवी आवृत्ती निघतेय, 'छाट' घेता येईल, ताईंना तीच श्रद्धांजली होईल. वारसांची परवानगी मिळाली तर शेवटाचं बघता येईल. "तुमचंही तेच मत होतं ना?" त्यांनी विचारलं.

होतं. खोटं कसं बोलू?

मी प्रज्ञाताईंकडे गेलो. त्या तुमच्या साड्या घड्या करून पेटीत ठेवत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मला त्यातलं कळत नाही रे. आईला ते पुस्तक फार हवं होतं, एवढं मला माहीत आहे. तू म्हणशील तसं करू."

तू म्हणशील तसं. ताई, एवढं जड वाक्य माझ्या वाटणीला कधी आलं नव्हतं. दोन्हीकडे तुम्हीच होता. फोटो काढून घेणाऱ्या तुम्ही आणि कप विसळणाऱ्या तुम्ही. आणि तिसरीकडे कुलूपबंद वाचनालयाबाहेरचा तो पोरगा, ज्याच्याबद्दल तुमच्याकडेही उत्तर नव्हतं.

मी म्हटलं, "परवा विहारात कथा वाचतो. मग ठरवू."

परवा वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, भंतेजींनी थोडं सांगितलं. मग मी उभा राहिलो. समोर तुमच्या जुन्या वस्तीतल्या बाया बसल्या होत्या, पांढऱ्या साड्यांत. सगळ्यात पुढे हौसामावशी, तुमच्या आईच्या शेजारच्या. त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून नातीने त्यांना माझ्या अगदी पायाशी आणून बसवलं होतं.

मुलीच्या पाठीत धपाटा बसला तेव्हा बाया हसल्या. तपासनीस आला तेव्हा कोणीतरी हळूच एक शिवी दिली. विहारात आहोत हे आठवून लगेच पदर तोंडाला लावला. मग मी ते वाक्य वाचलं. गिरजाने विडी मोडली.

"मोडली?" हौसामावशी मोठ्याने म्हणाल्या.

मी थांबलो. "हो, मावशी. मोडली."

"हातानं?"

"हातानं."

"त्याच्या म्होरं?"

"त्याच्यासमोर."

"बया बया बया," हौसामावशी म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघितले. पूर्ण विहारात आवाज नव्हता. त्या शांततेत होळी, घोषणा, ओतलेली टोपली काहीही मावलं नसतं. तिथे एक विडी मोडली होती आणि ती त्या बायांना पुरून उरत होती.

मी शेवटचं वाक्य वाचून कागद खाली ठेवले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक बाई म्हणाल्या, "मग दुसऱ्या दिवशी पानं दिली का तिला?"

खरं सांगतो, मला हसू आलं आणि रडूही.

हौसामावशी म्हणाल्या, "न देऊन जातो कुठं? विड्या काय त्याची आजी वळणार?"

"कशाला देतोय?" दुसरी म्हणाली. "आमच्या नणंदेला नुसती बोलली म्हणून महिनाभर बसवली होती घरी."

"ती एकटी बोलली म्हणून. हिच्या मागं शांता हाय ना उभी."

"शांता काय करणार?"

"काय करणार म्हणजे? तिचा नंबर आला की पुढं!"

वाद असा पेटला, ताई, की भंतेजी आशीर्वादाची गाथा म्हणायला हात जोडून बसले ते बसलेच. तुमच्या पुण्यानुमोदनात बाया एकमेकींना हातवारे करून सांगत होत्या की शांताने काय करावं. ज्या आठ-दहा ओळींची मागणी होती, त्या ओळी त्या बाया स्वतः करत होत्या. आणि त्या एकमेकींच्या विरोधात होत्या.

प्रज्ञाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बाहेर येऊन चपला घालायच्या आधीच संपादकांना फोन लावला. म्हटलं, आहे तशी छापणार असाल तर घ्या. ते म्हणाले, समितीपुढे ठेवतो, पण अवघड आहे. मी म्हटलं, ठीक आहे, मग प्रती काढून मीच आमच्या कॉलेजात नेऊन वाटीन. त्या पोराबद्दलचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, ताई. ते भांडण आपलं चालू राहील.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत होतं. मी त्यांना विहारातलं सगळं सांगितलं. हौसामावशी, नणंद, शांता. ते ऐकत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "टोपली समदीकडंच आसती. पहिला हात कुणी घालायचा, एवढंच ऱ्हातं."

अण्णांना असं काही बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मग जरा थांबून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पर बाईंना शेवटपतोर इचारलं न्हाईसच ना तू?"

नाही विचारलं. आज विचारतो.

ताई, दिली का हो तिला पानं?